सार्वत्रिक अधिकारिता

गुन्हा कुठेही घडो, आरोपी आणि पीडित कोणत्याही देशाचे असोत, काही अतिगंभीर गुन्ह्यांचा खटला कोणत्याही राष्ट्राला आपल्या न्यायालयात चालवता यावा, असे मानणारे आंतरराष्ट्रीय कायद्यातील तत्त्व. चाचेगिरी, युद्धगुन्हे, वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि छळ यांच्या बाबतीत ते सांगितले जाते. हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाशी त्याची गल्लत करू नये. इथे खटला एखाद्या देशाच्या स्वतःच्याच न्यायालयात चालतो.

एरवी फौजदारी कायदा हद्दीने चालतो. ‘ही आमची हद्द नाही’ हे ज्याने पोलीस ठाण्याच्या पायरीवर ऐकले आहे, त्याला ते वेगळे सांगायला नको. झीरो एफआयआरमुळे फिर्याद आता कुठल्याही ठाण्यात देता येते, पण पुढे ती घटनास्थळाच्या ठाण्याकडेच वर्ग होते. या पद्धतीत एक गोष्ट गृहीत असते: तिथल्या न्यायालयाचे दार उघडे आहे. सत्ताच आरोपी असेल तर? सोलापूरने हे भोगले आहे. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ आला, गांधी टोपी घालणेही गुन्हा ठरले. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले गेले. त्या घटनांना आजच्या व्याख्या लावायच्या नाहीत. पण हुकूम काढणारा आणि न्याय देणारा एकच असला की दाद मागायला जागा उरत नाही, हे चार हुतात्म्यांच्या गावाला कळते. सार्वत्रिक अधिकारितेची खरी बाजू हीच आहे.

ऑक्टोबर १९९८ मध्ये चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे याला स्पेनच्या न्यायाधीशाच्या वॉरंटवरून लंडनमध्ये अटक झाली आणि जगभर वाद पेटला. प्रकृतीचे कारण देऊन मार्च २००० मध्ये त्याला मायदेशी जाऊ दिले. पुढे १४ फेब्रुवारी २००२ रोजी देशादेशांमधले तंटे सोडवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने काँगोच्या परराष्ट्रमंत्र्याविरुद्धचे बेल्जियमचे वॉरंट बेकायदा ठरवले: पदावर असलेल्या परराष्ट्रमंत्र्याला परदेशी फौजदारी न्यायालयांपासून संरक्षण असते. युरोपातली न्यायालये आफ्रिकेच्या नेत्यांनाच धरतात, ही आफ्रिकी देशांची तक्रार रास्त आहे; २००९ पासून हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या महासभेपुढे आहे. पण चाडचा माजी हुकूमशहा हिसेन हाब्रे याला ३० मे २०१६ रोजी जन्मठेप झाली ती सेनेगलमध्ये, आफ्रिकी न्यायाधीशांसमोर, आणि पीडितांनी अनेक वर्षे नेट न सोडल्यामुळे.

बर्लिनमध्ये सीरियाचे वकील अन्वर अल-बुन्नी यांना २०१४ मध्ये निर्वासितांच्या वसतिगृहाजवळ एक ओळखीचा चेहरा दिसला. हा माणूस कोण, हे लगेच आठवेना. तो होता अन्वर रस्लान, दमास्कसच्या कोठडीचा अधिकारी. आठ वर्षांपूर्वी आपल्याला त्यानेच पकडले होते, असे बुन्नी सांगतात. जर्मनीत कोब्लेन्झच्या न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी रस्लानला जन्मठेप दिली. सीरियात तेव्हा हा खटला उभाच राहिला नसता.

भारत सावध आहे. सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय कायद्यात चाचेगिरीपुरतीच ही अधिकारिता आहे, बाकी गुन्ह्यांसाठी करार हवा, अशी भारताची भूमिका आहे. १९६० चा जिनिव्हा करार अधिनियम युद्धातल्या वागणुकीचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांचा भारताबाहेर कोणीही केलेला गंभीर भंग शिक्षापात्र ठरवतो खरा, पण सरकारच्या तक्रारीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. पीडिताने दार ठोठावायची सोयच नाही, आणि ही उणीव मोठी आहे. ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज पळवणाऱ्या चाच्यांना १९९९ मध्ये भारताने पकडले. मुंबईच्या सत्र न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने २००५ मध्ये सोडले. चाचेगिरीचा स्वतंत्र कायदा तेव्हा नव्हता. तो संसदेने २०२२ मध्ये मंजूर केला. मार्च २०२४ मध्ये माल्टाचा ध्वज लावलेल्या ‘रुएन’ जहाजावरचे ३५ सोमाली चाचे नौदलाने मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले.