पार्श्वभूमी : हिमालयातल्या बर्फाची मोजणी

2025 च्या एप्रिलमध्ये हिंदुकुश-हिमालयातल्या बर्फाचा वार्षिक आढावा प्रसिद्ध झाला आणि त्यातला 23.6 टक्के तुटीचा आकडा सगळीकडे फिरला. 23 वर्षांतला नीचांक, सलग तिसरं तुटीचं वर्ष, हे सगळं बरोबरच होतं. गफलत पुढे झाली. अनेक बातम्यांतून वाचकाला कळलं ते असं, की यंदा बर्फ 23.6 टक्के कमी पडला. आढाव्यात मोजलं होतं वेगळंच : नोव्हेंबर ते मार्च या काळात बर्फ जमिनीवर किती दिवस टिकून राहिला. तेही उपग्रहाच्या चित्रांवरून. किती पडला, थर किती जाड होता, वितळल्यावर नदीला किती पाणी देणार, यातलं काहीही त्या आकड्यात नाही. एका उतारावर दोन फूट बर्फ पाच महिने राहिला आणि शेजारच्या उतारावर दहा फूट बर्फ तेवढेच महिने राहिला, तर या हिशेबात दोन्ही उतार सारखेच.

बर्फ मोजण्याच्या तीन रीती आहेत आणि त्यांची सरमिसळ जुनीच आहे. पहिली, किती भूभाग पांढरा दिसतो ते पाहणं. दुसरी, खुणांची काठी रोवून खोली वाचणं. तिसरी, वजन करणं. पाण्याच्या दृष्टीने खरी फक्त तिसरी, आणि नेमकी तीच सगळ्यांत कष्टाची. ॲल्युमिनियमची नळी उभी धरून थरात खुपसायची, खाली माती लागेपर्यंत. मग अलगद वर काढायची, टोकाला चिकटलेली माती खरवडून टाकायची, नळी बर्फासकट काट्याला लटकवायची आणि रिकाम्या नळीचं वजन वजा करायचं. असं एका ओळीत ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा, कारण वाऱ्याने बर्फ एका जागी उडवलेला आणि दुसऱ्या जागी साचलेला असतो. ताज्या भुसभुशीत बर्फाचं वजन घनमीटरला 100 किलोच्या आसपास भरतं. तोच बर्फ दबून, मुरून मार्चअखेर 350 ते 400 किलोवर जातो. म्हणजे मीटरभर बर्फात दहा सेंटिमीटर पाणी असेल किंवा चाळीस. काठीला दोन्ही वेळा मीटरच दिसणार.

भारतात बर्फाची नोंद ठेवणं सुरू झालं ते दख्खनच्या दुष्काळामुळे, हे सहसा सांगितलं जात नाही. 1876-78 च्या दुष्काळाने मुंबई आणि मद्रास इलाखे होरपळले. पाऊस आधी कळेल का, हा प्रश्न सरकारी दफ्तरात त्यानंतर खऱ्या अर्थाने आला. हिवाळ्यात-वसंतात हिमालयावर बर्फ जास्त असेल तर पुढचा पावसाळा ओढ देतो, असं सूत्र 1884 मध्ये मांडलं गेलं आणि 4 जून 1886 रोजी पहिला अधिकृत मोसमी अंदाज निघाला तो याच आधारावर. नोंदी होत्या त्या काळाला साजेशा : डोंगरी ठाण्यांवरचे अधिकारी कळवतील तेवढ्या. 1899 ला अंदाज सपशेल आपटला, छप्पन्नचा दुष्काळ पडला आणि मग काही वर्षं अंदाज जाहीरच होईनासे झाले. 1909 च्या गणिती सूत्रातही बर्फ होताच, मॉरिशस आणि दक्षिण अमेरिकेतला हवेचा दाब व झांझिबारचा पाऊस यांच्या पंगतीला. पुढच्या दशकांत मात्र बर्फाचा आणि पावसाचा संबंध सैल होत गेला. 1928 मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. पुणेकर ज्या इमारतीला अजून सिमला ऑफिस म्हणतात, तिचं नाव त्या बिऱ्हाडाचं आहे. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, तरी लांब पल्ल्याच्या अंदाजाचं काम पुण्याशी जोडलेलं राहिलं.

बर्फ पुन्हा चर्चेत आला तो उपग्रहांमुळे. 1966 पासून बर्फाच्छादनाचे नकाशे मिळू लागले आणि 1976 मध्ये, हाताशी जेमतेम नऊ वर्षांची माहिती असताना, युरेशियातला बर्फ आणि भारतातला पाऊस यांचं व्यस्त नातं दाखवणारा अभ्यास आला. पण आता मोजमाप बदललं होतं. ठाण्यांवरून कळणाऱ्या बर्फाच्या जागी क्षेत्रफळ आलं, आणि त्यावर फारसं कोणी अडलं नाही.

1988 चं मोसमी अंदाजाचं सोळा घटकांचं गणिती प्रारूप, जे महाराष्ट्रात आजही वसंत गोवारीकर या मराठी शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जातं, त्यात हिमालयातलं आणि युरेशियातलं बर्फाच्छादन असे दोन घटक होते. पुढची तेरा वर्षं पाऊस 'सामान्य' या व्याख्येत बसला आणि अंदाजही तसाच येत गेला. 2002 ला अंदाज होता सरासरीच्या 101 टक्के. पडला 81 टक्के, आणि जुलै तर जवळपास निम्म्यावर आला. 2003 मध्ये सोळाचं प्रारूप बाजूला पडून आठ आणि दहा घटकांची प्रारूपं आली. त्या वेळी वाद झाला तो संख्याशास्त्राचा : इतके घटक, इतकी थोडी वर्षं, काळाबरोबर विरत जाणारे संबंध. आक्षेप बिनचूक होते, पण 2002 नंतर ते घेणं सोपंही होतं. बर्फ म्हणून जो घटक आत घेतला तो बर्फाचं क्षेत्र होता, पाणी नव्हतं, हा मुद्दा त्या गदारोळात बाजूलाच राहिला. माझ्या मते तोच जास्त मोलाचा होता. कारण सूत्रामागचा तर्क असा : उन्हाची उष्णता बर्फ वितळवण्यात आणि नंतर ओली जमीन वाळवण्यात खर्ची पडते, त्यामुळे भूभाग उशिरा तापतो. ही उष्णता किती लागेल ते बर्फाच्या वजनावर ठरतं, पसाऱ्यावर नाही. पुण्यातल्याच संशोधकांनी 1999 च्या सुमारास सोव्हिएत काळातल्या जमिनीवरच्या खोलीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पश्चिम युरेशियातल्या बर्फाचं पावसाशी नातं उलटं आणि पूर्वेकडच्या बर्फाचं सुलटं निघालं. अवघ्या युरेशियाचं एकच क्षेत्रफळ धरलं की हे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात.

हिमालयातली प्रत्यक्ष ठाणी उभी राहिली ती पावसासाठी नव्हे, रस्ते आणि सैन्य यांच्यासाठी. 1969 मध्ये मनालीला हिमस्खलनाचा अभ्यास सुरू झाला. 1979 च्या मार्चमध्ये हिमाचलातल्या लाहौलमध्ये हिमकडे कोसळून दोनशेहून जास्त माणसं गेली आणि कामाची निकड सगळ्यांना पटली. सोलंग, धुंडी, पत्सिओ ही ठाण्यांची नावं तेव्हापासूनची. मनाली-लेह रस्त्याने गेलेल्यांनी पत्सिओ पाहिलं असेल, साधारण 3800 मीटरवर. धुंडीजवळ तर आता अटल बोगद्याचं दक्षिण तोंड आहे.

स्खलनवाल्यांची गरज निराळी असते. त्यांना एकूण बर्फापेक्षा थरांची उतरंड हवी असते. थरात खड्डा खणायचा, भिंत सरळ तासायची आणि वरपासून खालपर्यंत तापमान, दाण्यांचा आकार, कठीणपणा पाहत जायचं. कठीणपणासाठी शंकूच्या टोकाची सळई असते. ठरावीक उंचीवरून तिच्यावर वजन टाकायचं आणि किती ठोक्यांना ती किती खाली गेली ते लिहायचं. तळाशी साखरेसारखे सुटे, रवाळ दाणे लागले की वरचा सगळा भार अधांतरी समजायचा. हे काम माणसालाच करावं लागतं, आणि जिथे धोका सर्वाधिक तिथे रोज खड्डा खणायला कोणी जाऊ शकत नाही. 3 फेब्रुवारी 2016 ला सियाचीनमध्ये 19 हजार फुटांवरच्या चौकीवर बर्फाचा कडा कोसळला. दहा जवान गेले, त्यांत एक साताऱ्याचा होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्पितीत 'हिमांश' हे संशोधन ठाणं सुरू झालं, 13,500 फुटांवर. चालवणारी संस्था गोव्यातली, वास्कोच्या हेडलँड सड्यावरची, मुळात अंटार्क्टिकासाठी स्थापन झालेली. चंद्रा खोऱ्यातल्या सुत्री ढाका, बटाल, बडा शिग्री, समुद्र टापू या हिमनद्यांवर इथून काम चालतं. लाहौल आणि स्पिती यांना जोडणारी कुंझुमची खिंड हिवाळ्यात बंद होते, त्यामुळे माणसांचा वावर मुख्यतः उन्हाळ्यात. उरलेले महिने मदार यंत्रांवर.

यंत्रांच्याही खोडी आहेत. खोली मोजणारं यंत्र खांबावरून खाली ध्वनीची लहर सोडतं आणि परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतं. ध्वनीचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो, म्हणून शेजारचा तापमापक बिघडला की खोलीही चुकते. बर्फ जोरात पडत असताना, म्हणजे नोंद सगळ्यांत हवी असते तेव्हाच, लहरी विखुरतात. पावसासारखं भांडं ठेवून बर्फ धरायचा तर वारा निम्माअधिक बर्फ भांड्यावरून उडवून नेतो. वजनासाठी न गोठणाऱ्या द्रवाने भरलेली सपाट गादी जमिनीवर अंथरतात आणि वरच्या भाराने आतला दाब किती वाढला ते वाचतात. पण थराला कडक कवच आलं की ते गादीवरून पुलासारखं तरतं आणि दाब कमी दिसतो. शिवाय गादीला सपाट जागा लागते. हिमालयात सपाट जागा दरीच्या तळाशी, आणि बर्फाचा मोठा साठा 4000 मीटरच्या वर.

भाक्रा धरणात येणाऱ्या सतलजच्या पाण्यात बर्फ आणि हिमनद्यांचा वाटा साठ टक्क्यांच्या आसपास धरतात. तिथे उन्हाळ्यात किती पाणी येईल याचं गणित दरवर्षी मांडावंच लागतं आणि त्यासाठी खोऱ्यातल्या मोजक्या ठाण्यांच्या नोंदी, उपग्रहावरून दिसणारं क्षेत्र आणि तापमान यांची सांगड घातली जाते. वरच्या उतारांवरचं वजन प्रारूपानेच भरून काढायचं. एप्रिलमध्ये येणाऱ्या मोसमी अंदाजाच्या पत्रकात अलीकडे बर्फाबद्दलचा उल्लेख पुन्हा दिसतो : जानेवारी ते मार्चमध्ये उत्तर गोलार्धातलं आणि युरेशियातलं बर्फाच्छादन सरासरीपेक्षा कमी की जास्त, आणि पावसाशी त्याचं नातं साधारणपणे व्यस्त असतं. तिथेही मोजलेलं आहे ते क्षेत्रफळच.