छायाचित्रांचा कॅटलॉग : अनेक संगणकांवरील व्यवस्थापन

हजारो-लाखो डिजिटल छायाचित्रांची एकच नोंद ठेवून ती दोन किंवा अधिक संगणकांवरून वापरण्याची पद्धत. लग्नसराईत निवड एका पीसीवर, अल्बमचे डिझाइन दुसऱ्यावर आणि बाहेरचे काम लॅपटॉपवर असे चालते, तेव्हा तिची गरज भासते. नाशिकमध्ये सिंहस्थ कुंभमेळा, रंगपंचमीच्या रहाडी (रंगाच्या पाण्याचे हौद), गोदावरीचे पूर आणि नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी वर्षानुवर्षे टिपणाऱ्यांचाही या प्रश्नाशी रोजचा संबंध येतो.

कॅटलॉगमध्ये मूळ फोटो नसतात. सातबाऱ्यात जमीन नसते, जमिनीची नोंद असते, तसेच हे. फोटो कोणत्या डिस्कवर, कोणत्या फोल्डरमध्ये आहे, त्याला किती तारे दिले, कोणते कीवर्ड लावले, रंगात काय बदल केले एवढेच त्यात असते. अडोबी लाइटरूम हे फोटो लावण्याचे आणि एडिट करण्याचे सॉफ्टवेअर २००७ मध्ये आले. त्याचा कॅटलॉग म्हणजे मुख्यतः एसक्यूलाइट प्रकारची डेटाबेस फाइल. तिच्यात फोटोचा पूर्ण पत्ता लिहिलेला असल्यामुळे विंडोजने हार्ड डिस्कला ‘ई’ऐवजी ‘एफ’ अक्षर दिले, की सगळे फोटो हरवल्यासारखे दिसतात. फोटो जागेवरच असतात, पत्ता तेवढा चुकलेला असतो. म्हणून डिस्कला कायमचे अक्षर नेमून द्यावे आणि सारे फोटो एकाच मुख्य फोल्डरखाली ठेवावेत; मग पत्ता बदललाच तरी दुरुस्ती एकदाच करावी लागते. विंडोज आणि मॅक दोन्ही वापरात असतील तर डिस्क दोघांनाही चालणाऱ्या एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करतात, कारण विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरचे मॅकला वाचता येते, पण त्याच्या मूळ सोयीने तिच्यावर लिहिता येत नाही.

खरी अडचण अशी, की लाइटरूम क्लासिकचा (याच सॉफ्टवेअरचे आजचे नाव) कॅटलॉग एका वेळी एकानेच उघडायचा असतो. तो उघडा असताना शेजारी एक लॉक फाइल तयार होते. नेटवर्कवरच्या डिस्कवर ठेवलेला कॅटलॉग हे सॉफ्टवेअर उघडतच नाही. मूळ फोटो मात्र नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या सामायिक साठवणीवर, ठेवता येतात. क्लाउड ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये कॅटलॉग ठेवून दोन संगणकांवर तो एकाच वेळी उघडणे हा सर्वांत धोक्याचा मार्ग आहे. दोन आवृत्त्या तयार होतात आणि दोन्हींत थोडे थोडे काम विखुरते. कोणती खरी हे नंतर ठरवत बसण्यापेक्षा मुख्य कॅटलॉग कोणता, हे आधीच ठरवावे.

सोपी रीत म्हणजे कॅटलॉग बाहेरच्या एसएसडीवर ठेवून ती डिस्कच या संगणकावरून त्या संगणकावर न्यायची. दुसरी रीत दौऱ्यावर कामी येते. निफाड तालुक्यात दोन दिवस पक्षी टिपायचे असतील, तर लॅपटॉपवर छोटा, स्वतंत्र कॅटलॉग करतात आणि घरी आल्यावर तो मुख्य कॅटलॉगमध्ये इम्पोर्ट करतात. स्मार्ट प्रिव्ह्यू, म्हणजे फोटोंच्या लहान प्रती, सोबत असतील तर मूळ फोटो घरच्या डिस्कवर असूनही एडिटिंग करता येते. त्यांची लांब बाजू २५४० पिक्सेलची असते. नोंदींचा डेटाबेस नेटवर्कवर ठेवायचा असल्यास डिजिकॅम हे मुक्त सॉफ्टवेअर तो मारियाडीबी या डेटाबेस सर्व्हरवर ठेवू देते.

फाइलींची नावे आणि कॅमेऱ्यांची घड्याळे यांकडे फार दुर्लक्ष होते. सिंहस्थात २९ ऑगस्ट २०१५ रोजी वैष्णव आखाडे नाशिकच्या रामकुंडात आणि शैव आखाडे त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात शाही स्नानाला उतरले. अशा दिवशी दोन ठिकाणचे दोन कॅमेरे एकाच क्रमांकाच्या फाइली देऊ शकतात, कारण बहुतेक कॅमेऱ्यांचा क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यामुळे इम्पोर्ट करतानाच नावात तारीख, ठिकाण आणि कॅमेऱ्याची खूण घालावी. घड्याळांत पाच मिनिटांचा फरक असला तरी फोटो वेळेनुसार लावल्यावर मिरवणुकीत मागचा आखाडा पुढे येतो. सकाळी प्रत्येक कॅमेऱ्याने एकाच मोबाइलवरच्या घड्याळाचा एक फोटो काढून ठेवला, तर फरक कळतो आणि कार्डावरच्या सगळ्या फोटोंची वेळ एकदम दुरुस्त करता येते. २०२७ च्या सिंहस्थ पर्वाआधी हे प्रत्येकाने अंगवळणी पाडावे.

कीवर्डचेही तसेच. एका संगणकावर ‘रामकुंड’ आणि दुसऱ्यावर ‘राम कुंड’ लिहिले गेले, की शोधताना निम्मेच फोटो सापडतात. कीवर्डची एकच यादी एक्सपोर्ट करून सर्व संगणकांवर घालावी. कीवर्ड, तारे आणि एडिटिंग एक्सएमपी फाइलींत (फोटोशेजारी ठेवल्या जाणाऱ्या छोट्या नोंद-फाइली) लिहून ठेवले तर कॅटलॉग बिघडला तरी ते शाबूत राहते. कलेक्शन (निवडक फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या केवळ नोंदीतल्या वेगळ्या आवृत्त्या) मात्र कॅटलॉगमध्येच राहतात, त्यामुळे त्याचा बॅकअप लागतोच.

बॅकअपसाठी ३-२-१ हा नियम रूढ आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. नाशिकमध्ये ‘दुसरी जागा’ विचार करून निवडावी लागते. गोदावरीच्या मोठ्या पुरात सराफ बाजार आणि भांडी बाजारापर्यंत पाणी येते. तेव्हा दुकान तिथे असेल तर तिसरी प्रत नदीपासून दूर, सिडको किंवा सातपूरकडच्या घरी असावी. रेडमध्ये एकमेकींची हुबेहूब प्रत ठेवणाऱ्या दोन डिस्कना बॅकअप म्हणता येत नाही, कारण एकीवर चुकून डिलीट झालेले दुसरीवरूनही त्याच क्षणी जाते. वर्षातून एकदा तरी बॅकअपमधला कॅटलॉग दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा आणि त्यातले काही जुने फोटो पूर्ण आकारात उघडतात का, ते तपासावे.