तुंबाओ आणि बोसा: 'लॅटिन' बेसमधली नेहमीची गल्लत

जॅझच्या चार्टवर (गाण्याच्या लिहिलेल्या आराखड्यावर) वरच्या कोपऱ्यात नुसतं 'लॅटिन' लिहिलेलं दिसलं, की बरेच बेसवाले विचार न करता रूट-फिफ्थ, रूट-फिफ्थ (कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा, मूळ सूर आणि त्याचा पंचम) सुरू करतात. गाणं बोसा नोव्हा, म्हणजे ब्राझीलच्या सांबातून आलेल्या हलक्या शैलीतलं, असेल तर निभावतं. क्यूबन वळणाचं असेल, तर तोच पॅटर्न अख्ख्या बँडच्या पायात येतो.

गल्लत होते त्याला कारण आहे. चार बीट्सचा बार (चार मात्रांचं आवर्तन म्हणा) 'वन अँड टू अँड थ्री अँड फोर अँड' असा मोजा. बोसाच्या साध्या पॅटर्नमध्ये बेस वाजतो चार ठिकाणी: वन, टूचा अँड, थ्री, फोरचा अँड. क्यूबन तुंबाओत, म्हणजे तिकडच्या बेसच्या ठरलेल्या चालीत, फक्त दोन ठिकाणी: टूचा अँड आणि फोर. टूचा अँड दोन्हीकडे आहे, सूरही बहुतेक रूट आणि फिफ्थच, त्यामुळे वरवर ऐकताना दोन्ही सारखेच वाटतात. खरा फरक वनवर आहे. बोसात तिथे बेसचं पाऊल पडतं. तुंबाओत ती जागा मोकळी.

मोकळी म्हणजे शांत नव्हे. फोरवर वाजवलेला सूर वनवरून पुढे वाहत जातो, आणि तो सूर पुढच्या बारच्या कॉर्डचा असतो. समजा एक बार सी, पुढचा जी सेव्हन. सीच्या बारमध्ये टूच्या अँडवर सी किंवा त्याची फिफ्थ वाजवायची आणि फोरवर थेट जी. पियानो अजून सीवरच असतो, बेस मात्र पुढच्या घरात पोचलेला. समेवर एकत्र यायची सवय असलेल्या आपल्या कानांना हे आधी चुकीचंच वाटतं: समेचा सूर एक मात्रा आधीच देऊन टाकायचा आणि प्रत्यक्ष समेवर हात आवरायचा! नवख्याचा गोंधळ ठरलेला. चार-सहा बार गेले की त्याला फोरच वन वाटायला लागतो आणि तो एक बीट पुढे सरकतो. उपाय कंटाळवाणाच आहे: वनवर पाय आपटत, तोंडाने मोठ्याने मोजत, अगदी संथ लयीत वाजवायचं.

तुंबाओची ही चाल क्यूबाच्या सोन या नाचाच्या संगीतातली. 1940च्या दशकात क्यूबन बँडप्रमुख आर्सेनियो रोद्रिगेसने आपल्या बँडमध्ये पियानो, काँगा (हाताने वाजवायचा उंच ढोल) आणि जास्तीचे ट्रंपेट आणले, तेव्हा या भरलेल्या ताफ्यात बेसला कमी बोलून जास्त ढकलायचं काम मिळालं. तीच रीत पुढे न्यूयॉर्कच्या सालसात गेली. या सगळ्यावर अंमल क्लावेचा, म्हणजे दोन बारांत पाच ठोक्यांच्या आकृतीचा: एका बाजूच्या बारात तीन, दुसऱ्या बाजूच्या बारात दोन. साधा तुंबाओ क्लावेच्या दोन्ही बाजूंवर बसतो, पण हौसेने भरलेली जागा उलट्या बाजूला पडली, तर क्यूबन वादक लगेच वळून बघतो.

ब्राझीलमध्ये बेसचा गुरू वेगळा: सुर्दो, सांबातला मोठा ढोल. सांबा दोन बीट्सचा, आणि सगळ्यात खालच्या सुर्दोचा वजनदार ठोका दुसऱ्या बीटवर पडतो. बोसात हे काम गायक-गिटारवादक झुआओ जिल्बेर्तोच्या गिटारवर अंगठ्याने उचललं. म्हणूनच बोसाचा बेस हलका हवा. अंगठा आधीच खालचे सूर देत असतो, त्यावर आपण कशाला दणके द्यायचे? चार बीट्समध्ये लिहिलेल्या बोसात थ्रीवर किंचित जास्त वजन द्या, सुर्दो ऐकू येईल. फोरच्या अँडवर कधी पुढच्या कॉर्डची चाहूलही देता येते, मात्र लगेच वनवर यायचंच. इलेक्ट्रिक बेसवर जोरकस सांबा कसा चालतो हे ऐकायचं असेल, तर गायिका एलिस रेजिनासोबतचा बेसवादक लुइझाओ माया ऐका. अर्ध्या दाबलेल्या, सूर नसलेल्या ठोक्यांनी तो ढोलाचं काम करतो.

मला विचाराल तर तुंबाओ शिकायला अवघड, बोसा नीट वाजवायला अवघड. चार सोपे सूर मिनिटभर एकाच वजनाने काढून बघा.

टोनमध्येही दोघांचं जमत नाही. बोसाला गोल, लांबणारा सूर चालतो. सालसावाल्यांचं प्रेम बेबी बेसवर: अँपेगने 1960च्या दशकात काढलेला, उभा धरायचा, प्लॅस्टिकच्या बॉडीचा इलेक्ट्रिक बेस. त्याचा सूर 'धप्प' होतो आणि पटकन विझतो. तो नसेल तर साध्या बेसवर ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा घाला, टोनची खुंटी उतरवा आणि मानेच्या बाजूला अंगठ्याने वाजवा. बऱ्यापैकी जवळ जाता येतं.