पूर्वग्रह

पूर्वग्रह म्हणजे एखादा माणूस किंवा एखादी गोष्ट नीट बघायच्या आधीच तिच्याबद्दल मनात बसलेलं मत. बोलताना आपण याला मनातली अढी म्हणतो, पण अढी नेहमी वाईटच असते आणि पूर्वग्रह चांगल्या बाजूनेही असतो, समोरचा आपल्या गावचा निघाला की लगेच विश्वासू वाटायला लागतो तोही पूर्वग्रहच. शितावरून भाताची परीक्षा भाताला बरोबर लागू पडते, कारण सगळी शितं एकाच पातेल्यात एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसांच्या बाबतीत आपण आडनावालाच पातेलं समजतो आणि चूक तिथेच होते.

यावर मानसशास्त्रात भरपूर काम झालंय. १९७४ मध्ये एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी दाखवलं की अंदाज बांधताना मन शॉर्टकट घेतं, ते बऱ्याचदा चालून जातात पण चुकतात तेव्हा ठराविक पद्धतीनेच चुकतात. त्याच्या खूप आधी १९२० मध्ये एडवर्ड थॉर्नडाइकला सैन्यातले अधिकारी हाताखालच्या लोकांना मार्क कसे देतात ते बघताना दिसलं की ज्याची तब्येत चांगली त्यालाच हुशारीचे, नेतृत्वाचे आणि चारित्र्याचेही मार्क जास्त पडतात, म्हणजे एका गुणाचा उजेड बाकी सगळ्यावर पडतो. इंटरव्ह्यू घेणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पीटर वेसनचा १९६० चा प्रयोग. लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि सांगितलं की यामागे एक नियम आहे, तुम्ही तुमचे तीन-तीन आकडे सांगून तो ओळखा. बहुतेकांनी मनात धरलं की दोन-दोनने वाढतात आणि मग ८, १०, १२ असलेच आकडे विचारत राहिले, दरवेळी हो उत्तर आलं आणि खात्री वाढत गेली. खरा नियम एवढाच होता की आकडे चढत्या क्रमाने पाहिजेत. १, २, ३ विचारलं असतं तरी आपला अंदाज चुकला हे कळलं असतं, पण आपलं मत खोटं ठरू शकेल असा प्रश्न माणूस स्वतःहून सहसा विचारत नाही, आणि पूर्वग्रह वर्षानुवर्षं टिकतो तो यामुळेच.

मुंबईत हे बघायचं असेल तर भाड्याने घर शोधा. चेंबूरला एका फ्लॅटसाठी माझ्या मित्राने एजंटला फोन केला, नाव सांगितलं, मुसलमान नाव. एजंट अगदी गोड बोलला, म्हणाला ओनरला फॅमिली पाहिजे, मित्र म्हणाला फॅमिलीच आहे, बायको आणि मुलगी, तर म्हणे अरे भाई तो फ्लॅट कालच गेला. दहा मिनिटांनी मी त्याच नंबरवर फोन केला तर आजच या, चावी माझ्याकडेच आहे. त्या एजंटच्या मनात द्वेष होता असं मला वाटत नाही. ओनरला काय चालेल याचा अंदाज तो बांधतो, सोसायटीला काय चालेल याचा ओनर, शेजारच्यांना काय चालेल याचा कमिटी, आणि या सगळ्या साखळीत त्या माणसाला कोणी भेटतच नाही. भेदभावाला मनाई करणाऱ्या संविधानाच्या १५व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे, भाड्याच्या खाजगी घराचा नाही. नोकरीतही हेच दिसतं, सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासात सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खाजगी कंपन्यांना पाठवले होते आणि दलित व मुसलमान नावांना बोलावणं कमी आलं.

हातात सत्ता असली की पूर्वग्रह जीवावर उठतो. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने १९९८ च्या अहवालात पोलिस दलात मुसलमानांविरुद्ध पूर्वग्रह होता असं स्पष्ट नोंदवलंय.

मी निःपक्षपाती राहीन असं मनाशी ठरवून फारसं काही होत नाही, पद्धतच बदलावी लागते. वनसेवेतल्या निवडीवरून झालेल्या क्रायपाक केसमध्ये निवड समितीतला एक सदस्य स्वतःच उमेदवार होता, स्वतःच्या नावाची चर्चा झाली तेव्हा तो बसलाही नव्हता, तरी १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती निवड रद्द केली, पक्षपाताची वाजवी शक्यता असणं पुरेसं मानलं. आपल्या दहावी-बारावीच्या पेपरवर नाव लिहायचं नसतं आणि स्टिकर लावतात तेही यासाठीच, तपासणाऱ्या मास्तरांना आडनाव दिसलंच नाही तर त्यावरून मत बनवायला जागाच राहत नाही.

मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये आणखी एक वाट सांगितली, वेगवेगळ्या गटांतली माणसं बरोबरीच्या नात्याने एखाद्या सामाईक कामासाठी एकत्र आली तर पूर्वग्रह कमी होतो. नुसती गर्दी म्हणजे ओळख नव्हे, लोकलमध्ये रोज खांद्याला खांदा लागतो पण त्याने काही बदलत नाही. त्याच लोकलमधले वर्षानुवर्षं एकत्र जाणारे ग्रुप मात्र वेगळे, एकमेकांसाठी जागा धरायची, डबा वाटून खायचा, कोणी दोन दिवस दिसला नाही तर फोन करायचा. तिथे माणूस आधी ८:१२ वाला असतो, आडनाव पुष्कळ उशिरा कळतं.