हार्ट फेल्युअरचा धोका आणि आयुर्विम्याचे अंडररायटिंग

विम्याचा प्रस्ताव स्वीकारताना अर्जदाराला पुढे हार्ट फेल्युअर होण्याची शक्यता किती आणि त्यापायी मृत्यूचा धोका किती वाढतो, हे ठरवण्याची पद्धत म्हणजे इथले अंडररायटिंग; ते करणारा तो अंडररायटर. या आजारात हृदय बंद पडत नाही. शरीराला लागेल तेवढे रक्त पुरवणे त्याला जड जाते. निदानानंतर सुमारे निम्मे रुग्ण पाच वर्षांत दगावतात, त्यामुळे निदान झालेल्याचा प्रस्ताव बहुधा नाकारलाच जातो. अंडररायटरचा कस लागतो तो अजून धाप न लागलेल्या माणसापाशी.

रुग्णालयांत धोक्याचा अंदाज बांधणारी मॉडेल अंडररायटरच्या फारशी कामाची नाहीत. २००६चे सिॲटल मॉडेल १, २ आणि ३ वर्षांच्या जगण्याचा अंदाज देते. ३९,३७२ रुग्णांच्या माहितीवर बेतलेला २०१३चा ‘मॅजिक’ स्कोअरही १ आणि ३ वर्षांपुरताच आहे. दोन्ही आजारी माणसांसाठी आहेत. पॉलिसी मात्र २०-३० वर्षांची असते आणि घेणारा धडधाकट दिसतो. त्याच्यासाठी १९४८मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावी ५,२०९ रहिवाशांवर सुरू झालेल्या अभ्यासाची परंपरा उपयोगी पडते. रक्तदाब, मधुमेह, आधीचा हार्ट अटॅक, वजन, धूम्रपान हे घटक तिथून पुढे आले. अमेरिकन हार्ट असोसिएशनची २०२३ची ‘प्रिव्हेंट’ समीकरणे ३० ते ७९ वयोगटासाठी हार्ट फेल्युअरचा धोका वेगळा काढून देतात.

धोक्याचे हप्त्यात रूपांतर करण्याची रीत मात्र जुनी आहे. न्यूयॉर्क लाइफ कंपनीत विसाव्या शतकाच्या आरंभी रॉजर्स आणि हंटर यांनी अंकपद्धत रुजवली: सर्वसाधारण माणूस १००, प्रत्येक दोषाला अधिक गुण, चांगल्या बाबींना वजा. बेरीज २०० झाली, तर मृत्युदर दुप्पट धरायचा. यात एक खोच आहे. समजा, चाळिशीतल्या हजार जणांपैकी वर्षात २ मृत्यू अपेक्षित असताना ६ झाले; प्रमाण ३०० टक्के, पण जादा मृत्यू ४च. सत्तरीच्या पुढे ३० अपेक्षित असताना ४५ झाले, तर प्रमाण १५० टक्केच, जादा मृत्यू मात्र १५. नुसती टक्केवारी पाहणारा म्हातारपणीचा धोका कमी लेखतो, आणि हार्ट फेल्युअर मुख्यतः त्याच वयाचा आजार आहे.

चाचण्यांमध्ये इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सर्वांत बोलका. आपल्याकडे डॉक्टर ज्याला ‘पंपिंग’ म्हणतात ते इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते ते प्रमाण) ४० टक्के किंवा त्याहून कमी असेल, तर आकडा स्वतःच बोलतो. पण ५०च्या वर असूनही हार्ट फेल्युअर असू शकते, आणि नुसते ‘पंपिंग नॉर्मल’ वाचून फाइल पुढे सरकवणे इथेच अंगलट येते. म्हणून एनटी-प्रोबीएनपी या रक्तचाचणीला महत्त्व आले. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की हे द्रव्य रक्तात वाढते. बाह्यरुग्ण विभागात मिलिलिटरला १२५ पिकोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी धरतात. तरी आकडा एकटा वाचायचा नसतो: वय, मूत्रपिंडाचा विकार आणि एट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकारात) तो चढतो, स्थूल माणसात खोटा उतरतो. मधुमेही, स्थूल अर्जदाराचा ९० हा आकडा सडपातळ माणसाच्या ९० इतका निर्धास्त करणारा नाही.

भारतात अडचण वेगळीच आहे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णांच्या २०१३च्या त्रिवेंद्रम नोंदवहीतल्या १,२०५ रुग्णांचे सरासरी वय ६१ होते, पाश्चात्त्य नोंदींहून सुमारे दशकाने कमी; ७२ टक्क्यांत मूळ कारण हृदयधमन्यांचा विकार होते आणि सुमारे ८ टक्क्यांत संधिवाती तापाने झालेला हृदयविकार, जो अमेरिकी समीकरणांच्या हिशेबातच नाही. परकी मापे लावण्याचा वाद आपल्याकडे जुनाच. एकोणिसाव्या शतकात परदेशी कंपन्या भारतीयांकडून जादा हप्ता घेत. १८७० साली स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल या विमा कंपनीने भारतीयांना सर्वसाधारण दराने विमा दिला.

प्रस्ताव फॉर्ममध्ये आजार दडवला असेल, तर विमा कायद्याच्या कलम ४५नुसार कंपनीला हरकत घ्यायला तीन वर्षांची मुदत आहे. त्यानंतर पॉलिसीला कोणत्याही कारणावरून आव्हान देता येत नाही, म्हणून अंदाज सुरुवातीलाच नीट बांधावा लागतो.