डॅशबोर्डवरील पॅनेलचे कस्टमायझेशन

देखरेखीच्या डॅशबोर्डवर आकडे, आलेख आणि तक्ते ज्या चौकटींत दिसतात, त्या प्रत्येक चौकटीला पॅनेल म्हणतात. सर्व्हरवरचा भार, भट्टीचे तापमान, संकेतस्थळावर येणाऱ्या विनंत्या, टाकीतली पाण्याची पातळी असे सतत बदलणारे काहीही पॅनेलमध्ये येऊ शकते. त्यामागची क्वेरी (कोणती माहिती हवी हे साठ्याला विचारणारी ओळ), आलेखाचा प्रकार, एकक, अक्षाच्या मर्यादा, रंग, धोक्याच्या पातळ्या आणि पडद्यावरची जागा हे सारे पाहणाऱ्याच्या गरजेप्रमाणे ठरवणे म्हणजे पॅनेलचे कस्टमायझेशन. बरेच जण याला सजावट समजतात आणि शेवटच्या तासाभरात उरकतात. पण आकडा तोच असताना एका सेटिंगने त्याचा अर्थ फिरतो. ज्या सेटिंगला कोणी हातही लावलेला नसतो, तीदेखील पाहणाऱ्याला काहीतरी सांगतच असते.

नेटवर्कवरची वाहतूक आलेखात दाखवणारे एमआरटीजी हे साधन टोबियस ओटिकर यांनी १९९५ मध्ये लिहिले. त्यात आलेखाची तयार प्रतिमा मिळे. बदल करायचा तर सर्व्हरवरची कॉन्फिगरेशन फाइल उघडावी लागे. २००६ मध्ये ऑर्बिट्झ या कंपनीत क्रिस डेव्हिस यांनी ग्राफाइट हे वेळेनुसार बदलणारे आकडे साठवून त्यांचे आलेख काढणारे साधन तयार केले आणि २००८ मध्ये ते मुक्तस्रोत झाले. ग्राफाइटमधली माहिती सोयीने दाखवता यावी म्हणून टॉर्केल ओडेगार्ड यांनी किबाना या डॅशबोर्डच्या साधनाची तिसरी आवृत्ती घेऊन तिच्यातून ग्राफाना हे साधन घडवले. ते २०१४ मध्ये बाहेर आले. अशा साधनात आलेख पाहणाराच ब्राउझरमध्ये तो बदलू शकतो. पुढील उदाहरणे मुख्यतः ग्राफानातली आहेत, पण दुखणी सगळ्याच साधनांत सारखी आहेत.

मांडणीचा भाग सोपा आहे. ग्राफानाचा पडदा २४ स्तंभांत विभागलेला असतो आणि उंचीचे एक माप ३० पिक्सेलचे असते. पॅनेल माउसने ओढून हलवता येते, कोपरा धरून लहानमोठे करता येते. ही सारी माहिती जेसन या मजकूर-स्वरूपात साठवली जाते.

खरे काम क्वेरीपासून सुरू होते. देखरेखीचे आकडे गोळा करून साठवणाऱ्या प्रोमिथियससारख्या प्रणालीत विनंत्यांची संख्या काउंटर म्हणून साठते: ती फक्त वाढत जाते आणि प्रोग्राम पुन्हा सुरू झाला की शून्यावर येते. काउंटर जसाच्या तसा आलेखावर घातला, तर चढत जाणारी एक रेघ दिसते आणि तिच्यातून काहीच कळत नाही. 'रेट' फंक्शन लावून दर सेकंदाचा वेग काढला की ती वाचता येते. दुसरी अडचण काळाच्या पट्ट्याची. ३० दिवसांचा आलेख ७२० बिंदूंत बसवला, तर एका बिंदूत एक तास मावतो. त्या तासात सीपीयू ५९ मिनिटे २० टक्क्यांवर आणि एक मिनिट १०० टक्क्यांवर असेल, तर सरासरी येते जेमतेम २१. म्हणजे ज्या मिनिटाला ग्राहकांची कामे अडकली, ते मिनिट आलेखात उरतच नाही. अशा पॅनेलवर सरासरीसोबत कमाल मूल्याची रेघ हवी. ती नसलेले महिन्याचे आलेख बैठकीत नेहमी समाधानकारक दिसतात.

एककांतली चूक सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ. टक्केवारीचे एकक दोन प्रकारचे असते: ० ते १०० आणि ० ते १. स्रोताकडून ०.९३ येत असेल आणि पहिला प्रकार निवडला असेल, तर जवळजवळ भरलेली डिस्क ०.९३ टक्के भरलेली दिसते. बाइटचेही तसेच. १००० च्या पटीत मोजायचे की १०२४ च्या, यावरून टेराच्या पातळीला सुमारे १० टक्क्यांचा फरक पडतो.

थ्रेशोल्ड, म्हणजे रंग बदलण्याची पातळी. ग्राफानात नवे गेज (काट्याच्या मापकासारखे पॅनेल) घेतले की आधीच ठरलेल्या पातळ्या येतात: सुरुवात हिरव्याने आणि ८० पासून लाल. डिस्कला हे योगायोगाने चालून जाते. बॅटरीला तेच गेज लावले, की ८५ टक्के भरलेली बॅटरी लाल आणि १० टक्क्यांवर आलेली बॅटरी हिरवीगार. इथे पातळ्या उलट लावाव्या लागतात: सुरुवात लाल, २० पासून पिवळा, ४० पासून हिरवा. हा ८० चा आकडा तुमच्या यंत्रणेकडे पाहून कोणी ठरवलेला नाही, पण लाल रंग दिसला की पाहणारा तसेच समजतो. शिवाय पॅनेलवरचा थ्रेशोल्ड आणि सूचना पाठवणारा अलर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक बदलल्याने दुसरा आपोआप बदलत नाही.

रंगांबाबत औद्योगिक नियंत्रण कक्षांकडून शिकण्यासारखे आहे. तिथल्या पडद्यांसाठी आयएसए १०१ हे मानक २०१५ मध्ये आले. नेहमीची स्थिती करड्या, फिक्या छटांत दाखवायची आणि भडक रंग बिघाडासाठी राखून ठेवायचे, ही त्या क्षेत्रातली रुळलेली पद्धत. सॉफ्टवेअरवाले मात्र सगळे ठीक असतानाही पडदा हिरव्याने भरून टाकतात. लाल आणि हिरवा यांतला फरक नीट न दिसणारे पुरुष उत्तर युरोपीय वंशात सुमारे ८ टक्के असतात, त्यामुळे रंगासोबत आकडा किंवा शब्दही द्यावा.

माहिती आलीच नाही तर काय दाखवायचे, हा प्रश्न पॅनेल बनवताना क्वचितच कोणी विचारतो. तुटलेल्या जागी रेघ जोडली, तर बंद पडलेला सेन्सर सुरळीत चालू दिसतो. शून्य धरले, तर नसलेला बिघाड दिसतो. ग्राफानात न जोडणे, नेहमी जोडणे किंवा ठरावीक काळापर्यंतच जोडणे असे तीन पर्याय आहेत. देखरेखीसाठी पहिला किंवा तिसराच धरावा.

याच्याच शेजारचा प्रश्न पॅनेलच्या शीर्षकाचा. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकली. नियंत्रण फलकावरचा दिवा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखवत नव्हता. झडप बंद करणाऱ्या विद्युत यंत्रणेला तसा आदेश गेला आहे एवढेच त्यावरून कळत होते. चालकांनी झडप बंद आहे असे मानले आणि ती दोन तासांहून अधिक काळ उघडी राहिली. आजच्या डॅशबोर्डवर 'पंप चालू' असे शीर्षक असते आणि क्वेरी मोजत असते 'पंप चालू करण्याचा आदेश गेला' हे. नेमके काय मोजले आहे आणि कुठून, ते पॅनेलच्या वर्णनात लिहिण्याची सोय असते. ती जागा बहुधा रिकामी असते.

एकच पॅनेल अनेक सर्व्हरसाठी हवे असेल, तर व्हेरिएबल (सर्व्हरच्या नावाच्या जागी ठेवलेले बदलते नाव) वापरून त्याच्या प्रती आपोआप काढता येतात. अनेक डॅशबोर्डवर तेच पॅनेल हवे असल्यास ते लायब्ररीत ठेवतात, म्हणजे एका ठिकाणी केलेला बदल सगळीकडे लागू होतो. मोठ्या संस्थांत डॅशबोर्डच्या फाइल कोडसोबत ठेवून तिथून चढवल्या जातात. अशा डॅशबोर्डवर ब्राउझरमधून केलेला बदल, वेगळी परवानगी दिलेली नसेल तर, जतन होत नाही. मग घाईतला माणूस डॅशबोर्डची प्रत काढतो आणि तिच्यात बदल करतो. काही महिन्यांनी एकाच यंत्रणेचे चार डॅशबोर्ड, चार वेगळ्या थ्रेशोल्डसह, शोधात सापडू लागतात. रात्री बिघाड झाला की फोनवरची दोन माणसे दोन वेगळ्या प्रती उघडून एकमेकांशी वाद घालत बसतात.