कबूल, कबुली आणि कबुलीजबाब

लग्नाच्या बोलणीत 'मुलाकडचे कबूल झाले' म्हणतात आणि पेपरात 'आरोपीने गुन्हा कबूल केला' येतं, शब्द तोच, पण पहिल्यात होकार आहे आणि दुसऱ्यात अपराध. मूळ अर्थ होकाराचाच. अरबीत कबूल म्हणजे स्वीकारणं, फारसीतून तो आपल्या दरबारी मराठीत आला, आणि मुंबईतल्या कुठल्याही निकाहात 'कबूल है' ऐकलंत की तो जुना अर्थ अजून जिवंत आहे हे कळतं.

मग यात गुन्हा शिरला कसा? मला वाटतं कागदपत्रांमुळे. शेरशाहच्या काळात (1540 ते 1545) शेतकऱ्याला पट्टा (जमीन आणि तिचा सारा लिहिलेला सरकारी कागद) मिळायचा आणि तो सारा भरायचं कबूल करून कबुलियत लिहून द्यायचा. पुढे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात तर जमीन सोडणाऱ्याने राजीनामा द्यायचा आणि घेणाऱ्याने कबुलायत अशी जोडीच होती, आज राजीनामा फक्त नोकरीचा आणि मंत्र्यांचा उरलाय! म्हणजे कबूल करणं म्हणजे लेखी बांधून घेणं, आणि लेखी जे दिलं ते उद्या तुमच्याच विरुद्ध वापरता येतं.

1872 च्या पुरावा कायद्याने हे पक्कं केलं. मराठी कायद्याच्या भाषेत साधी कबुली (एखादी गोष्ट मान्य करणं) वेगळी आणि गुन्ह्याचा कबुलीजबाब (गुन्हाच मान्य करणं) वेगळा, पेपरवाले सर्रास दोन्ही एकच करतात आणि ते चूक आहे कारण फरक मोठाय. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कलम 25 प्रमाणे आरोपीविरुद्ध चालत नाही, मॅजिस्ट्रेटपुढे स्वखुशीने द्यावा लागतो, म्हणून आरोपीला किल्ला कोर्टात वगैरे नेतात. अपवाद 1999 चा मोक्का, म्हणजे महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, त्यात एसपी किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा (मुंबईत डीसीपी) चालतो. जुलै 2024 पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, पण पोलिसांबद्दलचा तो नियम तसाच आहे.

वांद्रे, माहीमच्या गोवेकर कॅथलिकांकडे पापांच्या कबुलीसाठी वेगळाच शब्द आहे, कुमसार, पोर्तुगीजांकडून आलेला. तो पाद्रीबाबांच्या कानात सांगायचा असतो. आपली 'जाहीर कबुली' नेमकी उलट, चार लोकांसमोरची, आणि त्यातला 'जाहीर'सुद्धा अरबीच, अर्थ उघड.

आणि लिहिताना कबूल मधला बू दीर्घ, कबुली मधला बु ऱ्हस्व, हे प्लीज सांभाळा.